छोट्या पोकलेनला केबिन हवी की कॅनोपी पुरे?

प्रश्न : आमचे गाव देवगड तालुक्यात, खाडीपासून दीड किलोमीटरवर आहे. हापूसची कलमे आणि थोडा सडा (कातळाचे पठार) आहे. माझा मुलगा गेली ४ वर्षे दुसऱ्याच्या जेसीबीवर चालक म्हणून काम करतो. आता सुमारे ३ टनांचा छोटा पोकलेन कर्ज काढून घ्यावा आणि तासाच्या भाड्याने चालवावा असे आम्ही ठरवले आहे. नळपाण्याच्या पाइपांचे चर, घरांचे पाये, शोषखड्डे, सड्यावर कलमांसाठी ब्रेकरने (कातळ फोडणाऱ्या यांत्रिक हातोड्याने) खड्डे, आणि पावसाळ्यात मिळाले तर रस्त्यावर आलेली माती उचलणे, अशी कामे डोळ्यांपुढे आहेत. विक्रेता म्हणतो, बंद केबिनच घ्या, यंत्राला किंमत राहते. शेजारच्या गावात ज्यांचे यंत्र चालते ते म्हणतात, केबिनमध्ये माणूस उकडून निघतो, उघडी कॅनोपीच (खांबांवरचे नुसते छत) बरी. मुलाच्या आईला त्याच्या डोक्यावर ऊन-पाऊस नको आहे. पुढे कधी कॅनोपी काढून केबिन बसवता येईल का, तेही कळवावे.

उत्तर : आपण कामांची यादी दिलीत हे फार बरे केलेत, कारण या प्रश्नाचे उत्तर कामाच्या तासांवरूनच काढावे लागते. विक्रेता आणि शेजारी यांच्यापैकी कोणीही खोटे बोलत नाही. विक्रेत्याच्या डोळ्यांपुढे एसीची केबिन आहे आणि शेजाऱ्यांनी बहुधा एसी नसलेली केबिन भोगलेली आहे. म्हणजे आपल्यापुढे प्रत्यक्षात तीन पर्याय आहेत : उघडी कॅनोपी, एसीविना बंद केबिन आणि एसीची बंद केबिन. त्यांतला मधला आधी बाजूला काढू या.

एसी नसलेली केबिन आपल्याकडे कशी वापरली जाते ते जवळून पाहावे. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी नऊ वाजताच समोरची काच वर सरकवून छताखाली अडकवलेली असते. दार पूर्ण मागे नेऊन कडीत बसवलेले असते. वर्षभरात ती कडी झिजते, मग दाराला सुतळी बांधली जाते, आणि एखाद्या दिवशी सुतळी सुटली की वळत्या यंत्राचे दार गडग्यावर (दगडी कुंपणावर) आपटते. सीटच्या मागून इंजिनाची आणि हायड्रॉलिक तेलाची उष्णता, चारी बाजूंनी काच, बाहेर ३३-३४ अंश तापमान आणि घाम वाळू न देणारी हवा, अशा पेटीत दार लावून कोणीही बसणार नाही. पावसात दार लावले तर श्वासाने आणि ओल्या कपड्यांच्या वाफेने काच आतून धुरकट होते, वायपर बाहेरून फिरत राहतो, आणि बकेटचे दात दिसावेत म्हणून चालक पुन्हा दार उघडतो. पैसे केबिनचे मोजायचे आणि ऊन, धूळ, पाऊस, आवाज सगळे कॅनोपीचेच सोसायचे, असा हा व्यवहार आहे. ही बंद केबिन मुळात थंड मुलखातल्या चालकाची गरज आहे; २ टनांखालच्या अनेक यंत्रांच्या केबिनला हीटर मिळतो, एसी मिळतच नाही, यावरूनच ते ध्यानात येते. कोकणात तिच्यावर एक रुपयाही जादा घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता खरी निवड कॅनोपी आणि एसी केबिन यांत राहिली.

वाडीवस्तीतल्या कामाला कॅनोपीचा मोठा गुण म्हणजे चालकाला दिसते आणि ऐकू येते. आपल्याकडचे चर मोकळ्या माळावर खणायचे नसतात. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी माडाचा बुंधा, मध्ये पाणंद, आणि खाली आधीच्या योजनेतला जुना पाइप कुठे आहे हे सांगणारा एक गडी चराच्या काठावर उभा, अशी ती जागा असते. कॅनोपीतला चालक मान बाहेर काढून चेन काठापासून किती आत आहे ते पाहू शकतो आणि गड्याने ‘थांब’ म्हटलेले त्याला पहिल्या हाकेत कळते. बंद काचेआड, एसीचा पंखा चालू असताना, तीच हाक दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पोचते, आणि तोवर पाइप फुटलेला असतो. पाइप जोडता येतो. चरात माणूस उतरलेला असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे आपण पुढे केबिन घेतलीत तरी माणूस चरात असताना यंत्र थांबवायचे हा नियम सोडू नये. दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा कॅनोपीत बसलेल्याला फुकट मिळतो, ही गोष्ट खाडीपासून दीड किलोमीटरवर राहणाऱ्याला मी सांगायला नको.

मात्र कॅनोपी म्हणजे सावलीची छत्री नव्हे, हे खरेदीआधी घरात सर्वांनी समजून घ्यावे. कंपनीने बसवलेल्या कॅनोपीच्या खांबावर किंवा सीटच्या मागे रिव्हेटने ठोकलेली एक पाटी असते आणि कॅनोपी कोणत्या चाचणीला उतरली ते तिच्यावर लिहिलेले असते. १ ते ६ टनांच्या छोट्या पोकलेनसाठी यंत्र बाजूला कलंडल्यावर चालकाची जागा चिरडू न देणारा सांगाडा ‘टॉप्स’ या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या चाचणीचे मानक आयएसओ १२११७ हे आहे. वरून पडणाऱ्या वस्तूंपासून राखणाऱ्या छताला ‘फॉप्स’ म्हणतात. त्याची पहिली पातळी १३६५ ज्यूल आघाताची असते, म्हणजे साधारण ४६ किलोची वस्तू ३ मीटरवरून पडल्यासारखी. हा आकडा आपल्या अंगणात आणून पाहू. सोडणासकट दीड किलोचा नारळ २० मीटर उंच माडावरून सुटला तर आघात ३०० ज्यूलसुद्धा भरत नाही. तो छताने झेललाच पाहिजे. ३० किलोचा जांभ्याचा चिरा ३ मीटरवरून निसटला तर सुमारे ८८० ज्यूल होतात, पण तोच ५ मीटरवरून आला तर १४७० होतात आणि चाचणीची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून माडाखाली काम करायला ही कॅनोपी पुरते, परंतु चिरेखाणीच्या उभ्या कापाखाली यंत्र उभे करू नये. पहिल्या पातळीची केबिन घेतली तरी हा हिशेब बदलत नाही, कारण डोक्यावरच्या छताची चाचणी तीच असते. काच लागली म्हणून छत भक्कम होत नाही.

या पाटीकडे न पाहिल्याचा दंड मी स्वतः भरलेला आहे. अनेक वर्षांपूर्वी एक वापरलेले यंत्र घेतले, रंग ताजा होता, कॅनोपी सरळ होती, विकणाऱ्याने चहा पाजला आणि आम्ही सौदा केला. दोन महिन्यांनी एका परसातल्या फणसाच्या जाड फांदीला कॅनोपी घासली आणि पुढचा खांब ओल्या वेतासारखा वाकला. कापून पाहिला तेव्हा तो नळाचा साधा पाइप निघाला. मूळची कॅनोपी कधीच मोडून गेली होती आणि गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने तिच्या मापाची नक्कल बनवून दिली होती. यंत्र कलंडले नाही म्हणून निभावले. तेव्हापासून पाटी नसलेल्या कॅनोपीखाली मी माणूस बसवत नाही. आपण नवे यंत्र घेत आहात, तरी ताबा घेताना पाटी स्वतः वाचावी आणि तिच्यावर लिहिलेले कमाल वजन यंत्राच्या वजनाशी ताडून पाहावे.

आणि पट्टा. यंत्र कलंडू लागले की उडी मारावी असे प्रत्येक चालकाला वाटते, आणि उडी मारणारा बहुधा त्याच कॅनोपीच्या खांबाखाली सापडतो. सांगाडा वाचवतो तो पट्ट्याने सीटला बांधलेल्या माणसाला. चिरंजीव ४ वर्षे जेसीबीवर होते, तेथे पट्टा न लावण्याची सवय लागलेली असणार. मोठ्या, रुंद, जड यंत्रावर ती खपून जाते, ३ टनांच्या अरुंद यंत्रावर उताराला ती खपणार नाही. टॉप्सची चाचणी यंत्र एका कुशीवर पडण्यापुरती असते, उतारावरून दोन-तीन कोलांट्या खाण्यासाठी नसते, हेही त्यांना सांगावे.

आता कॅनोपी जेथे उणी पडते त्या कामाकडे येतो, आणि ते आपल्या यादीत आहे. सड्यावर कलमासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा ब्रेकरने फोडायचा म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात तासन्‌तास लाल धूळ, कातळाच्या उडत्या कपच्या आणि कानाला दडे बसवणारा आवाज. १० मीटर अंतराने लागवड धरली तर हेक्टरी १०० खड्डे होतात. एकाच बागायतदाराचे काम आठवडे चालू शकते. कारखान्यांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा मानली जाते, आणि उघड्या यंत्रावर ब्रेकर चालवताना चालकाच्या कानाशी ती सहज ओलांडली जाऊ शकते. येथे दार लावलेली, एसी चालू असलेली, हवेचा फिल्टर साफ असलेली केबिन खरोखर कामाची आहे. तरीही कपच्यांचा मारा केबिनच्या साध्या काचेलाही सोसत नाही, म्हणून केबिन असो वा कॅनोपी, ब्रेकर लावायचा तर समोर कंपनीची जाळी किंवा जाड पॉलिकार्बोनेटची पारदर्शक ढाल हवीच. कॅनोपीवर हे काम करायचे असेल तर कानांवर चांगले मफ, नाकावर धुळीचा खरा मास्क (रुमाल नव्हे), फोडण्यापूर्वी कातळावर पाणी, आणि सकाळी सहा ते अकरा एवढीच पाळी, असे बांधून घ्यावे.

दुसरे उणे काम म्हणजे पडलेली झाडे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या पोफळी आणि माड अक्षरशः झोपवले, आणि अशा वेळी छोट्या पोकलेनला सर्वांत जास्त मागणी येते. ताणलेली फांदी बकेटने हलवली की ती सुटून भाल्यासारखी आत येते. कॅनोपीचे छत तिला अडवत नाही, कारण ती बाजूने येते. जाळी बसवलेली नसेल तर कॅनोपीवर असले काम घेऊ नये, मग भाडे कितीही मिळो.

पावसाबद्दल घरच्यांची काळजी रास्त आहे, पण तिचा हिशेब थोडा वेगळा निघतो. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत चर पाण्याने भरतात, पाये खणले तर ढासळतात, शेतात लावणी असते आणि तेथे चेन फिरवू देणारा शेतकरी मिळत नाही. म्हणजे मुसळधारेत यंत्र बहुतांशी ताडपत्रीखाली उभे असते. अधूनमधून येणाऱ्या सरींसाठी कॅनोपीला लावायचे पारदर्शक पडदे पुरतात, ते दिसण्यापुरते स्वच्छ ठेवले म्हणजे झाले. पडद्यांसाठी किंवा जादा दिव्यासाठी कॅनोपीच्या खांबाला भोक पाडू नये आणि वेल्डिंग तर मुळीच करू नये. तेवढ्याने सांगाड्याची ताकद आणि पाटीवरचा दाखला दोन्ही जातात. नटबोल्टने आवळायचे क्लॅम्प वापरावेत. विजा सुरू झाल्या तर उघड्या यंत्रावरून उतरून पक्क्या घरात जावे, त्याबाबत तडजोड नाही.

रस्त्यावर आलेली माती उचलण्याचे काम मात्र मला चिंतेचे वाटते, आणि ते केबिनवर अवलंबून नाही. घसरलेला डोंगर त्याच दिवशी पुन्हा घसरू शकतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी कशी गाडली गेली ते आपण सर्वांनी पाहिले आहे. एक घनमीटर ओली माती सुमारे १८०० किलोंची. ती ५ मीटरवरून आली तर आघात ९०,००० ज्यूलच्या घरात जातो, आणि फॉप्सची वरची, दुसरी पातळीदेखील ११,६०० ज्यूलवर संपते. काठावरची मूठभर माती गटारातून काढायला छोटे यंत्र उत्तम आहे. डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून दरड उपसायला लांब हाताचा मोठा पोकलेन लागतो, आणि ठेकेदार घाई करू लागला तर नाही म्हणण्याची मुभा आपण मुलाला आधीच देऊन ठेवावी.

वजनाचे थोडक्यात सांगतो. बंद केबिन कॅनोपीपेक्षा साधारण १०० ते १५० किलोंनी जड असते, आणि ते वजन उंचावर बसते. सपाटीवर हे जाणवत नाही, उतारावर यंत्राचा हात आडवा पसरून भरलेली बकेट उचलताना जाणवते. यंत्र, ब्रेकर आणि दोन बकेट मिळून ते वाहून नेणाऱ्या आपल्या वाहनाच्या मंजूर भारात बसतात की नाही, तेही पाहावे.

खारट हवेचा मार दोघांनाही बसतो, पण केबिनला मार खायला जागा जास्त. दाराच्या बिजागऱ्या, काचेचे सरकते रूळ, रबरी पट्ट्या, एसीच्या कंडेन्सरच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पात्या, आणि चटईखाली साचून राहणारा लाल चिखल, ज्याच्याखाली पत्रा कधी कुजला ते कळतच नाही. एसी चालवायला इंजिनाची शक्तीही लागते. ३ टनांच्या यंत्राचे इंजिन साधारण २५ अश्वशक्तीचे, त्यातली दोन-तीन गेली तर ब्रेकरवर फरक पडतो. कॅनोपीचे दुखणे निराळे. तिला कुलूप नाही, म्हणून बॅटरीचा कट-ऑफ आणि मीटरवरचे कुलूपबंद झाकण घ्यावे, रात्री सीट झाकावी (वानरांना स्पंज फार आवडतो), आणि सकाळी चढण्यापूर्वी पायाखालची चटई काठीने उचलून पाहावी. फुरसे उबेला बसलेले असते, आणि ते दिसायला अगदी क्षुल्लक असते. दोन्ही प्रकारांत आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणे आणि खांबाच्या तळाशी गंज खरवडून रंग लावणे चुकवू नये.

आता पैशांचे. दोन्हींची लेखी कोटेशने घ्यावीत. समजा फरक २ लाख रुपयांचा निघाला आणि यंत्र वर्षाला १००० तास याप्रमाणे ५ वर्षे चालले, तर तासाला ४० रुपये पडतात आणि ते किरकोळ वाटतात. परंतु आपल्या यादीवरून मी असा अंदाज बांधतो की केबिनचा खरा उपयोग ब्रेकरच्या आणि पावसाच्या मिळून वर्षातल्या अडीचशे तासांनाच होईल. तोच खर्च त्या १२५० तासांवर टाकला तर तासाला १६० रुपये होतात, त्यावर कर्जाचे व्याज, एसीचा गॅस आणि फुटणाऱ्या काचा. एवढे भाडे गिऱ्हाईक जादा देणार नाही. विक्रेत्याच्या ‘किंमत राहते’ या म्हणण्यात तथ्य आहे ते एसी चालू आणि काचा शाबूत असलेल्या केबिनपुरते. पाच वर्षांनी खाडीकाठच्या यंत्राची तशी अवस्था क्वचितच असते.

म्हणून आपल्या आजच्या कामांसाठी माझा सल्ला असा की कंपनीची, टॉप्स आणि फॉप्सची पाटी असलेली, शक्य तर चार खांबांची कॅनोपी घ्यावी, आणि वाचलेल्या पैशांतून समोरची ढाल, पडदे, कानांचे मफ आणि चांगले मास्क यंत्राबरोबरच घ्यावेत, नंतर नव्हे. हा सल्ला एका परिस्थितीत उलटतो. सड्यावरच्या खड्ड्यांची कामे एवढी हाती असतील की ब्रेकरचे तास एकूण तासांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे जातील, तर वरचा रुपयांचा हिशेब फाडून टाकावा आणि एसीची केबिन घ्यावी, कारण मग प्रश्न चिरंजीवांच्या कानांचा आणि फुप्फुसांचा होतो. यंत्र बुक करण्यापूर्वी आसपासच्या चार-पाच बागायतदारांना या हंगामात किती खड्डे फोडायचे आहेत एवढे विचारून घ्यावे. तो आकडा कळला की निर्णय आपोआप होईल.

पुढे कॅनोपी काढून केबिन बसवण्याविषयी आपण विचारले आहे. एसीचा कॉम्प्रेसर, त्याचा पट्टा, वायरिंग, वायपर आणि केबिनखालचे रबरी आधार हे सगळे केबिनच्या यंत्राला कारखान्यातच बसवलेले असते, त्यामुळे नंतरचा बदल खर्चिक पडतो. त्याच मॉडेलसाठी कंपनी स्वतः तसा संच देत असेल तर ते कोटेशनवर लिहून घ्यावे. देत नसेल, तर गॅरेजमध्ये बनवलेली केबिन कॅनोपीच्या जागी कधीही बसवू नये, आणि बदल करायचाच झाला तर यंत्र विकून दुसरे घ्यावे.